खिडकीची झडप दर पावसाळ्यात अडते: रंध्याला हात लावण्याआधीच्या तपासण्या

सोलापुरातल्या लाकडी खिडक्यांची ही तक्रार ठरलेली. मे महिन्यात जी झडप नुसत्या बोटाने लागते, तीच सप्टेंबरच्या पावसात गजांतून हात घालून ओढून ओढून लावावी लागते. मग सुतार येतो, कडेवरून रंधा फिरवतो आणि झडप लागते. पुढच्या उन्हाळ्यात नेमकी तिथेच फट पडते, तिच्यातून धूळ आणि झळा आत येतात, आणि त्यानंतरच्या पावसात झडप पुन्हा अडते. लाकूड गेलं, दुखणं तसंच राहिलं.

झडप अडण्याची कारणं चार ठिकाणी असू शकतात: बिजागरी, झडपेचं लाकूड, चौकट आणि भिंत. रंधा यांतल्या फक्त एका कारणावर चालतो. म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमाने करा. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, आणि बहुतेक खिडक्या तिथेच सुधारतात. हे सगळं लाकडी चौकटीबद्दल आहे. लोखंडी चौकटीत गंज फुगून गिलाव्याला ढकलतो. तिथे गंज खरवडून प्राइमर मारणं आणि पाणी कुठून येतं ते शोधणं एवढंच घरी करता येतं.

लक्षणं

झडप कुठे घासते यावरून निम्मं निदान होतं. खडू घ्या, झडपेच्या कडांना चारी बाजूंनी चोळा, झडप लावा आणि उघडा. चौकटीवर जिथे पांढरं उमटेल तिथे ती घासते.

- मोकळ्या बाजूचा खालचा कोपरा घासतो आणि वरची फट कडीच्या बाजूला रुंद होत जाते: वरची बिजागरी सैल आहे किंवा झडपेचा सांधा सुटला आहे.
- उभी कड वरपासून खालपर्यंत सारखी घासते: लाकूड फुगलं आहे किंवा रंगाचे थर जाड झाले आहेत.
- फक्त मध्यावर घासते, वर-खाली मोकळी आहे: चौकटीचं उभं लाकूड आत वाकलं आहे.
- झडप लागते, पण हात सोडताच परत उघडते: बिजागरीत अडथळा आहे.
- तीन कोपरे बसतात, चौथा बाहेर राहतो: चौकटीला किंवा झडपेला पीळ आहे.
- खालच्या आडव्या लाकडावर रंगाचे फोड, काळे डाग: पाणी मुरतं आहे.
- चौकट हाताने हलते, गिलाव्यापासून सुटलेली दिसते: होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, सैल आहेत.
- खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरपी भेग गेली आहे: बिघाड खिडकीत नाही, घराच्या पायात आहे.

जोड-झडपांच्या खिडकीत आधी एक गोष्ट बघा. एका झडपेला पट्टी असते आणि ती झडप नंतर लावायची असते. क्रम चुकला तर चांगली खिडकीही अडल्यासारखी वाटते.

बिजागऱ्या

झडप अर्धी उघडा, मोकळ्या टोकाला खालून धरा आणि हलकेच वर उचला. हालचाल जाणवली तर ती कुठे आहे ते नजर लावून बघा. बिजागरीची पट्टी लाकडावरच हलत असेल तर स्क्रू सैल आहेत. पट्ट्या घट्ट असून मधला खिळा डुगडुगत असेल तर बिजागरी झिजली आहे, आणि ती बदलण्याशिवाय उपाय नाही. बदलताना त्याच मापाची जोडी घ्या. एकच नवी लावली तर सगळा भार तिच्यावर येतो आणि ती लवकर सुटते.

सैल स्क्रू नुसते आवळून उपयोग होत नाही, कारण भोकातलं लाकूड भुगा झालेलं असतं. झडपेखाली लाकडी पाचर सरकवा म्हणजे वजन तिच्यावर येईल. मग एका वेळी एकच स्क्रू काढा. सुक्या बांबूची किंवा सागवानाची काडी भोकापेक्षा किंचित जाड तासा, फेविकॉलमध्ये बुडवा, ठोकून बसवा, वरचा भाग कापून सपाट करा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी स्क्रूच्या निम्म्या जाडीचं भोक पाडून स्क्रू पिळा. स्क्रूला मेणबत्ती चोळली की तो सरळ आणि हलका जातो. आगपेटीच्या काड्या कोंबण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्या मऊ असतात आणि वर्षभरात चुरा होतात. आधीचा स्क्रू 30 मिलिमीटरचा असेल तर 40 चा घ्या. पण तो पलीकडून बाहेर तर येणार नाही ना, हे आधी मोजा.

पूर्व भागात, जिथे घराला लागून यंत्रमाग चालतात, तिथे हे काम इतरांपेक्षा लवकर करावं लागतं. सतत थरथरणाऱ्या भिंतीत स्क्रू हळूहळू उलटे फिरतात. अशा घरांत दरवर्षी मे संपताना सगळ्या बिजागऱ्या एकदा तपासून घ्याव्यात, आणि 4 फूट उंचीच्या झडपेला दोनऐवजी तीन बिजागऱ्या असाव्यात.

बिजागऱ्या घट्ट असूनही कोपरा किंचित लोंबत असेल, तर खालच्या बिजागरीच्या पट्टीमागे 1 मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घाला. झडपेचा खालचा भाग बाहेर ढकलला जातो आणि मोकळा कोपरा किंचित वर येतो. त्याहून जास्त लोंबत असेल तर झडपेचाच सांधा बघा. कोपऱ्यात उभी आणि आडवी पट्टी जिथे भेटतात तिथे फट दिसली तर कुसू, म्हणजे एका पट्टीचं दुसरीच्या खाचेत बसणारं टोक, सैल झालेला आहे. झडप काढून सांध्यात फेविकॉल भरा, दोरीचा पीळ घालून आवळा, दोन्ही कर्ण सारखे करून घ्या आणि एक दिवस तसंच ठेवा.

झडप परत उघडत असेल तर बिजागरीत स्क्रूचं डोकं वर आलेलं असतं, नाहीतर रंगाऱ्याने बिजागरीसकट सगळं रंगवलेलं असतं. डोकं खाली बसवा, रंग खरवडा. पाच मिनिटांचं काम आहे.

रंग आणि लाकूड

दर दिवाळीला नवा हात मारायचा आणि जुना कधीच काढायचा नाही, यातून कडेवर थर साचत जातात. दोन्ही बाजूंचे मिळून सहज एक मिलिमीटर होतात, आणि झडपेभोवतीची सगळी मोकळी जागा दोन-तीन मिलिमीटरचीच असते. खडूची खूण जिथे उमटली तेवढ्याच कडेवरचा रंग पत्र्याच्या पातीने किंवा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने काढून बघा. खूप जुन्या घरात कित्येक वर्षांपूर्वीच्या थरांमध्ये शिसं असू शकतं. तिथे कोरडं घासू नका. लाकूड ओलं करून खरवडा, तोंडाला मास्क लावा, आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

आता लाकडाबद्दल. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. चांगलं वाळलेलं सागवानसुद्धा कोरड्या हवेतून दमट हवेत गेलं की रुंदीच्या एक टक्क्याच्या आसपास फुगतं. झडपेच्या दोन उभ्या पट्ट्या प्रत्येकी 75 मिलिमीटरच्या धरल्या तर एका झडपेत दीड मिलिमीटर झाला, आणि जोड-झडपांच्या खिडकीत तीन. इथल्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो आणि हवेत ओल नसते. पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. या दोन टोकांमध्ये झडपेला एवढी ये-जा करायचीच असते, आणि ती थांबवता येत नाही. तिच्यासाठी जागा ठेवायची आणि पाणी थेट आत शिरू द्यायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे.

पाणी शिरतं कुठून? जवळजवळ नेहमी झडपेच्या खालच्या कडेतून. झडप जागेवर असताना तिथे ब्रश पोचत नाही, म्हणून ती कड कोरीच राहते. उभ्या पट्टीचं आडवं कापलेलं टोकही तिथेच उघडं असतं, आणि लाकडाच्या नळ्या त्या टोकातून पाणी वर ओढतात. तपासायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून उघड्या झडपेखाली धरा. कोरं लाकूड दिसलं की कारण सापडलं.

पण ओल्या लाकडावर लगेच रंग मारू नका. ओल आत कोंडली जाते आणि रंग फोड येऊन निघतो. पावसाळ्यात घासणाऱ्या कडेला मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळून वेळ मारून न्या आणि पेन्सिलने जागा खुणवून ठेवा. दिवाळीनंतर, डिसेंबर-जानेवारीत लाकूड वाळलं की झडप उतरवा, खालची-वरची कड पॉलिश पेपरने घासा, लाकडाचा प्राइमर एक हात आणि ऑइल पेंट दोन हात द्या. कापलेल्या टोकांवर प्राइमरचा एक हात जास्त, कारण ती पहिला हात पिऊन टाकतात.

मधलं पॅनेलही विसरू नका. ते खाचेत मोकळं राहायला हवं. कुणी ते खिळे किंवा फेविकॉल लावून पक्कं केलं असेल, किंवा खाच लांबीने (पुट्टीने) भरली असेल, तर फुगणारं पॅनेल उभ्या पट्ट्यांना बाहेर ढकलतं. खाचेतली लांबी धारदार पातीने मोकळी करा.

ज्या खिडकीत उन्हाळाभर कूलर होता तीच पावसात अडत असेल, तर योगायोग समजू नका. कूलरचं पाणी तीन महिने चौकटीच्या खालच्या लाकडावर ठिबकत असतं, आणि उघडी झडप आकड्याशिवाय वाऱ्यावर आपटत राहते. कूलरचं स्टँड चौकटीला न टेकता भिंतीवर किंवा जमिनीवर उभं करा आणि झडपेला वाऱ्याचा आकडा लावा.

बाहेरून येणारं पाणी

खिडकीखालच्या कट्ट्यावर बाहेरच्या बाजूने तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर वाहिलं पाहिजे. इथे शहाबादी फरशीचे कट्टे खूप आहेत, आणि बसवताना उतार बघितला नाही तर पाणी चौकटीच्या पायाशी साचतं. फरशी उखडून पुन्हा बसवणं हे गवंड्याचं काम आहे. पण उतार थोडाच चुकला असेल तर चौकटीलगत सिमेंटचा छोटा वाटा (कोपऱ्यातला उतरता थर) करून पाणी वळवता येतं. कट्ट्याच्या आणि छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत, पाणी तोडणारी खाच आहे का तेही बघा. खाच नसेल तर पाणी पोटाने सरकत भिंतीपर्यंत येतं.

चौकट आणि गिलाव्याच्या मधली भेग सिमेंटने भरणं ही नेहमीची चूक आहे. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, म्हणून पुढच्या वर्षी तीच भेग तशीच उघडते. भेग 5-6 मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल करून घ्या, ब्रशने धूळ काढा, आणि कोरड्या दिवशी बाहेरच्या वापराचा, रंग बसणारा सीलंट भरा. पॉलियुरेथेनचा महाग पडतो पण जास्त टिकतो. साधा सिलिकॉन रंग धरत नाही.

चौकटीचं माप

इथपर्यंत काही सापडलं नाही तर चौकट मोजा. टेप, ओळंबा (वजन बांधलेली दोरी) आणि साधी दोरी पुरे.

चौकटीच्या आतल्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. 3 बाय 4 फुटांच्या खिडकीचा आतला कर्ण बरोबर 5 फूट, म्हणजे 1524 मिलिमीटर यायला हवा. दोन कर्णांत 3 मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. 5 च्या पुढे चौकट एका बाजूला कलली आहे. मग उभ्या लाकडाशेजारी ओळंबा सोडून वर, मध्ये आणि खाली दोरीपासूनचं अंतर मोजा. मध्यावर फरक आला तर लाकूड वाकलं आहे. शेवटी समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन दोऱ्या ताणून बांधा. त्या मध्ये एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. अंतर राहिलं, किंवा एक दुसरीला ढकलू लागली, तर चौकटीला पीळ आहे.

ही मापं तारखेसह लिहून ठेवा. पावसाळ्यातली आणि मेमधली मापं वेगळी आली तर चौकट नाही, भिंत हलते आहे.

बारीक पेचकस घेऊन खालच्या आडव्या लाकडात आणि उभ्या लाकडांच्या पायाशी टोचत जा. टोक सहज आत गेलं, आवाज पोकळ आला किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे किंवा लाकूड कुजलं आहे. वरून लांबी भरून रंगवणं म्हणजे आजार झाकणं. वाळवीचं मूळ जमिनीत असतं, म्हणून तिथे पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा.

रंधा कधी

वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या, बिजागरी घट्ट, चौकट सरळ, कडा कोरड्या, आणि तरीही झडप सारखी घासते, तेव्हा रंधा. तोही हिवाळ्यात, पावसाळ्यात केलेल्या पेन्सिलच्या खुणेवर.

किती जागा ठेवायची ते मोजायला रुपयाचं नाणं वापरा. ते साधारण दीड मिलिमीटर जाड असतं. भर पावसात झडपेभोवती एक नाणं सरकलं पाहिजे. मेमध्ये दोन नाणी एकत्र सरकली पाहिजेत. पावसात दोन नाण्यांची फट पाडून घेतली तर उन्हाळ्यात तीन होतात, आणि मग फट बुजवायला पट्टी ठोकावी लागते.

वरच्या-खालच्या कडेवर रंधा टोकाकडून मध्याकडे चालवा. एका टोकाकडून दुसरीकडे नेला तर उभ्या पट्टीचा कोपरा फाटतो. उभी कड तासताना ती झडपेच्या ज्या बाजूने चौकटीत शिरते त्या बाजूला एक मिलिमीटर जास्त घ्या, म्हणजे फिरताना कोपरा लागत नाही. तासलेल्या कडेला त्याच दिवशी प्राइमर लागला पाहिजे.

चौकट हलत असेल तर

होल्डफास्ट म्हणजे चौकटीला स्क्रूने लावलेली आणि भिंतीत काँक्रीटमध्ये रुतवलेली लोखंडी पट्टी. 4 फूट उंच खिडकीला दोन्ही बाजूंना तीन-तीन असाव्यात. बांधताना त्या नुसत्या विटांच्या सांध्यात मसाला भरून बसवल्या असतील तर दहा-पंधरा वर्षांत सुटतात.

भिंत पक्क्या विटांची आणि सिमेंटमधली असेल तर ती न फोडता फ्रेम अँकर, म्हणजे चौकटीतून थेट भिंतीत जाणारा लांब स्क्रू आणि त्याचा प्लग, मारता येतो. 4 बाय अडीच इंचाच्या चौकटीला 10 मिलिमीटर जाडीचा, साडेपाच इंच लांबीचा अँकर घ्या. तो विटेच्या मध्यावर बसला पाहिजे, सांध्यात नाही, कारण सांध्यातला मसाला त्याच्याभोवती चुरतो. त्या जागी चौकट आणि भिंतीमध्ये पोकळी असेल तर आधी पाचर बसवा. पाचरीशिवाय अँकर आवळला की उभं लाकूड भिंतीकडे ओढलं जातं आणि सरळ चौकट वाकडी होते. ड्रिल मारण्याआधी कूलरच्या किंवा बोर्डाच्या वायरची नळी भिंतीतून कुठून जाते ते शोधा आणि मेन स्विच बंद करा.

अँकर धरत नसेल तर होल्डफास्टजवळ भिंतीत 6 इंच लांब-रुंद-खोल खड्डा करून 1:3:6 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरावं लागतं. एका वेळी एकच खड्डा. त्याआधी चौकटीच्या आत मध्यावर आडवी आणि कोपऱ्यातून तिरपी अशा दोन फळ्या ठोकून घ्या. या फळ्या नसल्या की ओलं काँक्रीट लाकडाला आत ढकलतं, आणि मध्यावर घासणारी झडप तिथूनच जन्माला येते. भिंतीला टेकणाऱ्या लाकडाला काळा बिट्युमन पेंट लावा. सात दिवस ओलं पोतं गुंडाळून दिवसातून तीनदा पाणी मारा, कारण इथल्या उन्हात काँक्रीट वरून सुकतं आणि आत कच्चं राहतं. फळ्या त्या आठवड्यात काढू नका.

भिंत हलते आहे का

सोलापूरची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंत तिच्याबरोबर वर-खाली होते, आणि खिडकीचा कोपरा हा भिंतीतला सगळ्यात कमजोर बिंदू असल्याने भेग तिथूनच निघते. पूर्ण भिंतीखालची माती एकसारखी फुगली तर फारसं बिघडत नाही. एकाच कोपऱ्याखाली पाणी मुरलं की बिघडतं. पाणी रोज येत नसल्याने घरोघरी हौद आहेत, आणि भिंतीलगतचा गळका हौद हे अशा भेगेचं मोठं कारण असतं. हौद संध्याकाळी भरा, पातळी खुणवा, वापर बंद ठेवा आणि सकाळी बघा. मोरीचं पाणी, छपराच्या पन्हळीचं पाणी पायाशी पडतं का तेही बघा. पिंपळ, उंबर किंवा निलगिरी भिंतीजवळ असेल तर मुळं उन्हाळ्यात माती आणखी कोरडी करतात.

भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने बारीक रेघा मारा, शेजारी तारीख लिहा आणि दर महिन्याला अंतर मोजा. मेपासून डिसेंबरपर्यंत मोजलं की कोरडं-ओलं एक चक्र पूर्ण दिसतं. तोपर्यंत भेग बुजवू नका, झडपही तासू नका.

इथे थांबा

भेग 3 मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, दर महिन्याला वाढत असेल, किंवा आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सुतार किंवा गवंडी यात पुरे पडत नाही.

खिडकीवर काँक्रीटचं लिंटेल (वरच्या भिंतीचा भार घेणारी आडवी तुळई) नसेल तर चौकट सोडवू नका. कसब्यातल्या जुन्या वाड्यांत भिंतीचा भार लाकडी तुळईवर आणि कधी थेट चौकटीवर असतो. माती-दगडाच्या जाड भिंती वरून भक्कम दिसतात, पण आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना बांधलेला नसतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात बहुतांश अशाच भिंती कोसळल्या. अशा भिंतीला फुगवटा असेल तर तिच्यात ड्रिलही मारू नये.

वरच्या मजल्यावरची, बाहेर उघडणारी झडप गजांच्या पलीकडून उतरवावी लागते. परांची बांधल्याशिवाय ते काम करू नका, आणि खालचा रस्ता मोकळा ठेवायला एक माणूस उभा करा. खालच्या आडव्या लाकडाचा एक-तृतीयांशापेक्षा जास्त भाग कुजला असेल तर तुकडा जोडण्याऐवजी सुताराकडून ते लाकूडच बदलून घ्या.

इंजिनिअर किंवा सुतार आला की त्याला खडूच्या खुणा, कर्णांची मापं आणि तारखांसह भेगेची मापं दाखवा. ही मापं हातात असली की तो पहिल्याच भेटीत बिघाड झडपेत आहे, चौकटीत आहे की पायात, हे सांगू शकतो.